फिलिप्सबर्ग मॅनर: सुरुवात गिरणीपासून करा

न्यूयॉर्क-न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांच्या भटकंतीत हडसनकाठचं स्लीपी हॉलो हे गाव बहुधा ऑक्टोबरात येतं. पानगळीचे रंग, भोपळे, बिनमुंडक्याच्या घोडेस्वाराची गोष्ट, जुनं कब्रस्तान, चार फोटो आणि संध्याकाळी घरी. पोकँटिको नदीच्या बांधाशी एक पांढरं दगडी घर आणि त्याला लागून लाकडी गिरणी दिसते. तिच्याकडे लोक जाता जाता नजर टाकतात. खरं तर गावात बघण्यासारखं सगळ्यात मोलाचं तेच आहे, आणि त्यासाठी निदान दोन तास हातात हवेत.

हे फिलिप्सबर्ग मॅनर. हिस्टॉरिक हडसन व्हॅली ही संस्था ते संग्रहालय म्हणून चालवते. ज्याच्या नावाने ते उभं आहे तो फ्रेडरिक फिलिप्स डच सुतार म्हणून अमेरिकेत आला आणि न्यूयॉर्क वसाहतीतला सगळ्यात श्रीमंत माणूस होऊन मेला. दिव्यांच्या कंपनीशी त्याचा काही संबंध नाही.

आधी माणूस समजून घेऊ, म्हणजे तिथे गेल्यावर काय बघायचं ते कळेल. १६२६ साली नेदरलँड्सच्या फ्रीसलँड भागातल्या बोल्सवर्ड गावी त्याचा जन्म झाला. पीटर स्टायव्हसंट गव्हर्नर असताना डच वेस्ट इंडिया कंपनीच्या सुतारकामावर तो न्यू ॲमस्टरडॅमला, म्हणजे आजच्या मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, कामाला होता. सुतारकामाच्या जोडीने त्याने छोटा व्यापार सुरू केला. १६६२ मध्ये त्याने मार्गारेट हार्डनब्रुकशी लग्न केलं. ती विधवा होती आणि स्वतःच्या हिमतीवर व्यापार करत होती. हे लग्न म्हणजे दोन पेढ्यांचं एकत्र येणं होतं, आणि त्यात तिची पेढी मोठी होती. डच कायद्यात बाईला स्वतःच्या नावाने व्यवहार करता येत. १६६४ मध्ये इंग्रज आले आणि त्यांच्या कायद्याखाली तो हक्क आक्रसत गेला. फ्रेडरिकने इंग्रज राजाशी निष्ठेची शपथ घेतली, फ्लिप्सनचा फिलिप्स झाला आणि धंदा चालू राहिला. १६७४ च्या कर-यादीत त्याची मालमत्ता ८०,००० गिल्डर धरली आहे. यादीत त्याच्याहून मोठा आकडा कोणाचाच नाही.

पुढची वीसहून अधिक वर्षं तो गव्हर्नरच्या सल्लागार मंडळात होता. १६८९ मध्ये जेकब लिसलरने बंड करून वसाहतीची सत्ता हातात घेतली तेव्हा मंडळातल्या त्याच्या जोडीदारांना पळावं लागलं. फिलिप्सने नव्या सत्तेशी जुळवून घेतलं आणि बंड मोडल्यावर पुन्हा आपल्या जागी येऊन बसला. १६७२ पासून तो हडसनच्या पूर्व काठाची जमीन तुकड्यातुकड्याने विकत घेत होता. १६९३ मध्ये गव्हर्नर फ्लेचरने राजाराणीच्या नावाने सनद दिली आणि त्या सगळ्या जमिनीची एक 'मॅनर', म्हणजे कुळांकडून खंड घेणारी सनदी जहागीर, झाली. सुमारे ५२,००० एकर, दक्षिणेला स्पायटन डायव्हल खाडीपासून उत्तरेला क्रोटन नदीपर्यंत. सरकारला द्यायचा वार्षिक सारा होता ४ पौंड १२ शिलिंग. त्याच सनदेत मॅनहॅटन बेटावरून मुख्य भूमीवर जाणाऱ्या पुलाचा, किंग्ज ब्रिजचा, टोलही त्याला मिळाला. उत्तरेकडून शहरात येणारा प्रत्येक शेतकरी, गुराखी आणि घोडेस्वार त्याच्या घराण्याला पैसे देऊन बेटावर पाय ठेवी. पुढे १७५८-५९ मध्ये शेतकऱ्यांनी शेजारीच वर्गणीतून फुकट पूल बांधला तेव्हा कुठे हा जाच संपला. ब्राँक्समधल्या किंग्सब्रिज भागाचं नाव तिथून आलं आहे.

आता प्रत्यक्ष जायचं कसं ते. ग्रँड सेंट्रलवरून मेट्रो-नॉर्थची हडसन लाइन. या लाइनवर 'फिलिप्स मॅनर' नावाचं स्टेशन आहे आणि नाव बघून लोक तिथलं तिकीट काढतात. ते चूक नाही, पण तिथे फक्त धीम्या गाड्या थांबतात. टॅरीटाउनला जलद गाड्याही थांबतात आणि स्टेशनवर टॅक्सी मिळण्याची शक्यता जास्त असते. दोन्हीकडून चालायचं अंतर साधारण मैलभर आहे, चढउताराचं. न्यू जर्सीहून गाडीने येत असाल तर मारिओ कुओमो पूल ओलांडून रूट ९ ने उत्तरेला वळा. हाच रस्ता इथे नॉर्थ ब्रॉडवे म्हणून ओळखला जातो. मॅनहॅटनमधला ब्रॉडवे तोच.

तारीख ठरवताना काळजी घ्या. हिवाळ्यात संग्रहालय बंद असतं. ऑक्टोबरात इथे संध्याकाळचे हॅलोविनचे कार्यक्रम होतात. लहान मुलांना ते आवडतात, पण त्या तिकिटावर गिरणी आणि घर नीट बघता येईल असं समजू नका. इतिहासासाठी जायचं असेल तर उन्हाळ्यातला किंवा सप्टेंबरातला दिवस घ्या आणि संकेतस्थळावर त्या दिवशी नेमका कोणता दौरा आहे ते वाचूनच तिकीट काढा. आणखी एक गोंधळ होतो. डोंगरावरच्या रॉकफेलर घराण्याच्या कायकट बंगल्याच्या सहलींच्या बसही याच स्वागतकक्षापासून सुटतात. कायकटचं तिकीट काढून लोक इथे येतात आणि मॅनर त्यातच आला असं धरून चालतात. ही दोन वेगळी ठिकाणं आणि वेगळी तिकिटं आहेत.

स्वागतकक्षातून बाहेर आलात की बांधाने अडवलेलं तळं आणि त्यावरचा लाकडी पूल लागतो. पुलावर मधोमध थांबा, कारण सगळी योजना इथून एका नजरेत कळते. डावी-उजवी बघत बसू नका, पाण्याची पातळी बघा. वरच्या बाजूला तळं भरलेलं आणि खाली नदीचं पात्र उतरलेलं, हा फरक म्हणजे फिलिप्सची मोटर. खालच्या बाजूला पोकँटिको थोड्याच अंतरावर हडसनला मिळते, आणि त्या काळी छोटी शिडाची जहाजं थेट गिरणीच्या धक्क्यापर्यंत येत. धान्य इथे उतरायचं, दळायचं, पिंपात भरायचं आणि त्याच धक्क्यावरून न्यूयॉर्कला रवाना व्हायचं. तिथून वेस्ट इंडीजच्या ऊसमळ्यांकडे. पीठ, बिस्किटं, लोणी हा तिकडे जाणारा माल. गाडीवाटेने एक पोतंही नेण्याची गरज नाही अशी जागा निवडली होती. इथला कारभार 'अप्पर मिल्स' म्हणून ओळखला जायचा. घर नंतर, गिरणी आधी.

त्यामुळे घराकडे न वळता आधी गिरणीत शिरा. जात्यावर दळलेलं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना इथलं यंत्र पाच मिनिटांत समजतं. जात्याप्रमाणेच दोन दगड. खालचा पक्का बसवलेला, वरचा फिरणारा, मध्ये भोक, त्यातून धान्य आत जातं आणि कडेने पीठ पडतं. फरक आकाराचा आणि वेगाचा आहे. अशा गिरणीतल्या दगडाचा व्यास साधारण चार फूट असतो, वरच्या दगडाचं वजन टनाच्या घरात जातं आणि तो मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे घेतो. बाहेरचं पाण्याचं चाक मात्र सावकाश, मिनिटाला दहाएक फेरे. मधले लाकडी दात्यांचे चक्र तो वेग वाढवतात. दाते लाकडाचेच ठेवण्यामागे विचार आहे. काही अडकलं तर एखादा दाता मोडतो आणि तो ठोकून बदलता येतो. सगळी यंत्रणा फुटत नाही. लाकडावर लाकूड घासून ठिणगीही पडत नाही, आणि पिठाची धूळ भरलेल्या खोलीत ठिणगी म्हणजे आग.

घरच्या जात्यात वैरण, म्हणजे दळायचं धान्य, आपण हाताने घालतो. इथे ती यंत्रच घालतं, आणि ते कसं हे मुलांना जरूर दाखवा. वर धान्याची चौकोनी पेटी असते, तिच्याखाली एक तिरपी पन्हाळ दोरीने लटकवलेली. दगडाच्या मधून वर आलेला लोखंडी दांडा गोल नसून चौकोनी असतो. तो फिरताना त्याच्या कडा पन्हाळीला टकटक हाणतात आणि दर टकटकीला थोडं धान्य घरंगळतं. पाणी जोरात आलं, दगड जोरात फिरला, की टकटक वाढते आणि धान्यही जास्त पडतं. पाणी कमी झालं की वैरणही आपोआप कमी. कान देऊन ऐकलं तर दळणाऱ्याला न बघताही वेग कळतो. पेटीतलं धान्य संपलं आणि दगड कोरडाच फिरत राहिला, तर दगडावर दगड घासतो, टाकीने पाडलेल्या खाचा झिजतात आणि आगीची भीती असते. म्हणून पेटीत किती धान्य उरलंय याकडे कायम लक्ष ठेवावं लागे.

खरं कसब दोन दगडांमधल्या फटीत आहे. वरचा दगड एका उभ्या कण्यावर तोललेला असतो आणि कण्याचं खालचं टोक एका आडव्या तुळईवर टेकलेलं असतं. तुळईचं टोक किंचित उचललं की सगळा दगड केसभर वर येतो. फट जास्त राहिली तर भरड पडतं. कमी झाली तर पीठ तापतं, त्याला करपट वास येतो, ते चिकट होतं आणि दगडाच्या खाचांत बसून त्या गुळगुळीत करतं. मग दळण आणखीनच तापतं. मका ओलसर असेल तर हेच दुप्पट वेगाने घडतं. गिरणीवाला सतत पडणाऱ्या पिठाखाली हात धरतो, अंगठ्याने बोटांवर चोळून बघतो, वास घेतो आणि तुळई हलवतो. अशी मशागत करूनही खाचा बोथट होतातच. मग वरचा दगड उचलून उलटा करायचा आणि टाकीने पुन्हा धार लावायची. आपल्याकडे जातं टाकवणारे दारावर यायचे. इथे ते काम गिरणीवाला स्वतःच करायचा.

हा गिरणीवाला कोण होता, हा प्रश्न विचारला की फिलिप्सबर्गचा खरा इतिहास सुरू होतो. १७५० मध्ये फ्रेडरिकचा मुलगा अ‍ॅडॉल्फ वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेची यादी झाली. त्या यादीत भांडी, गुरं, अवजारं यांच्याबरोबर २३ माणसं आहेत. पुरुष, बायका आणि मुलं. सगळी गुलाम. त्यांतला सीझर गिरणी चालवायचा. डायमंड नावाचा माणूस नदीतलं जहाज हाकायचा. वर सांगितलेलं सगळं कसब, अंगठ्याची परीक्षा, टाकीची धार, टकटकीचा वेग, हे सीझरचं ज्ञान होतं. मालक वर्षातला बराच काळ न्यूयॉर्क शहरात राही. म्हणजे गिरणी, जहाज, दूधदुभतं, शेती असा हा सगळा कारखाना त्या २३ जणांच्या हातांवर आणि डोक्यावर उभा होता. यादीत सीझरची किंमत लिहायची वेळ आली तेव्हा त्याचं हे कसबही मालकाच्या खात्यावर जमा झालं.

या संग्रहालयाला पैकीच्या पैकी गुण द्यायचे ते इथे. १९४३ मध्ये रॉकफेलरच्या पैशावर हे स्थळ लोकांसाठी उघडलं. मग मोठी दुरुस्ती होऊन १९६९ मध्ये ते आजच्या रूपात आलं. बरीच वर्षं अशा जागांवर डच घराण्याचं वैभव दाखवलं जायचं. इथे मात्र गेली काही दशकं मार्गदर्शक सुरुवातीलाच त्या २३ जणांबद्दल बोलतात. 'नोकरचाकर' असे मऊ शब्द वापरत नाहीत. उत्तर अमेरिकेतली गुलामी फक्त दक्षिणेत होती असा समज घेऊन आपल्यातले पुष्कळजण इथे येतात. न्यूयॉर्क राज्यात ती १८२७ पर्यंत कायदेशीर होती, हे इथून कोणी न शिकता जात नाही. मार्गदर्शकाला जरूर प्रश्न विचारा: सीझरला दळण शिकवलं कोणी, गिरणीतलं धान्य कोणाचं असायचं, कुळांकडून दळणावळ (दळणाची मजुरी) कशी घ्यायचे. उत्तरं देण्यासाठी ते उत्सुक असतात, आणि प्रश्नांशिवाय दौरा लवकर उरकतो.

घर त्या मानाने लहान आहे. राजवाड्याची अपेक्षा ठेवून येणाऱ्यांची निराशा होते, पण हे घर राहण्यापेक्षा कामाचं होतं. तळघरात दूधदुभत्याची खोली आहे, थंड आणि अंधारी. लोणी काढून, खारवून पिंपात भरायचं काम गुलाम बायकांकडे होतं. वरच्या खोल्यांचं सामान १७५० च्या यादीवरून मांडलं आहे. पलीकडच्या डच पद्धतीच्या धान्यकोठाराकडे मात्र दहा मिनिटं द्या. मधोमध रुंद खळं, दोन्ही बाजूंना गोठा, वर गवताचा माळा. जाड आडव्या तुळया खांबांतून आरपार जाऊन पलीकडे जिभेसारख्या बाहेर येतात आणि खुंट्यांनी घट्ट केलेल्या असतात. खिळ्यांवर भार नाही. सुतारकाम कळणाऱ्या माणसाला ही एक जोड सगळ्या फर्निचरपेक्षा जास्त सांगून जाते, आणि ज्याच्या नावाची ही जागा आहे तो सुतारच होता.

उणीव आहे ती याच माणसाची. सगळं संग्रहालय १७५० च्या सुमाराचं, म्हणजे अ‍ॅडॉल्फच्या काळाचं उभं केलं आहे. यादी त्या साली झाली म्हणून ही निवड समजण्यासारखी आहे. पण त्यामुळे सुतार ते सल्लागार हा बापाचा प्रवास, आणि हा पैसा आला कुठून, हे इथे पुरेसं उलगडत नाही. ते तुम्हाला दोन ठिकाणी जाऊन पूर्ण करावं लागतं.

पहिलं ठिकाण रस्त्याच्या पलीकडेच आहे: जुनं डच चर्च. फिलिप्सने बांधलं, आणि त्याला पुरलंही तिथेच. छपरावरच्या वातकुक्कुटावर व्ही आणि एफ ही अक्षरं कोरलेली आहेत, त्याच्या डच नावाची आद्याक्षरं. घंटेवर १६८५ साल आणि लॅटिन वचन आहे: देव आमच्या बाजूने असेल तर आमच्या विरुद्ध कोण? दरवाजाजवळच्या शिळेवर मात्र १६९९ आणि दुसरी बायको कॅथरिना व्हॅन कोर्टलंट हिचं नाव आहे. मार्गारेट १६९१ च्या सुमारास वारली होती. दोन सालांच्या घोळात मार्गारेटचं नाव शिळेवर आलंच नाही याची खंत वाटते, कारण घराण्याच्या संपत्तीचा पाया तिच्या जहाजांवर होता. १६७९ मध्ये तिच्या जहाजातून आलेल्या एका डच धर्मप्रवाशाने रोजनिशीत तिच्या चिकटपणाची तक्रार लिहून ठेवली आहे. समुद्रात पडलेला एक डेक पुसायचा झाडू परत आणण्यासाठी तिने जहाज वळवायला लावलं म्हणे. तक्रार करणाऱ्याला ती लोभी वाटली. धंद्याच्या प्रत्येक वस्तूचा हिशेब ठेवणारी मालकीण त्यातूनच दिसते. चर्चभोवतालचं जुनं स्मशान आणि त्याला लागून पसरलेली मोठी दफनभूमी या दोन वेगळ्या जागा आहेत. चर्च आतून बघायचं असेल तर उघडण्याचे दिवस आधी तपासा. बाहेरून बघायला अर्धा तास पुरतो.

दुसरं ठिकाण याँकर्समधलं फिलिप्स मॅनर हॉल. हडसन लाइनवरच, परतीच्या वाटेवर, याँकर्स स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. हे राज्य सरकारचं स्मारक आहे. इमारतीचा सगळ्यात जुना भाग १६८२ च्या आसपासचा धरतात, आणि पुढच्या पिढ्यांनी वाढवलेल्या भागात कागदाच्या लगद्याचं नक्षीकाम केलेलं छत आहे. ते एक छत बघण्यासाठीही थांबा घ्यावा. फिलिप्सचा पणतू तिसरा फ्रेडरिक अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने राहिला. १७७९ मध्ये त्याची सगळी जमीन जप्त झाली आणि नंतर तुकडे करून विकली गेली. पिढ्यानपिढ्या खंड भरणाऱ्या कुळांपैकी पुष्कळांनी आपलीच कसलेली शेतं विकत घेतली. कूळकायद्याच्या आठवणी ज्या घरांत आहेत त्यांना हा भाग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. अप्पर मिल्स, म्हणजे आजचं संग्रहालय, १७८५ मध्ये बीकमन घराण्याकडे गेलं.

आता पैसा कुठून आला ते. पीठ, कातडी आणि लाकूड यांच्या जोडीला फिलिप्स माणसांचा व्यापार करत होता. १६८५ मध्ये त्याच्या चार्ल्स नावाच्या जहाजाने अंगोलाहून गुलाम आणले. बहुतेकांना बार्बाडोसला विकलं, उरलेले न्यूयॉर्ककडे आले. १६९० च्या दशकात त्याने मादागास्करजवळच्या सेंट मेरी बेटावर बसलेल्या अ‍ॅडम बाल्ड्रिज या माणसाशी संधान बांधलं. हे बेट म्हणजे लाल समुद्रात आणि हिंदी महासागरात लुटालूट करणाऱ्या चाच्यांचं विसाव्याचं ठाणं. फिलिप्सचं जहाज १६९३ मध्ये तिथे काय घेऊन गेलं याची बाल्ड्रिजने नंतर दिलेली यादी शिल्लक आहे: ४४ जोडी बूट, ६ डझन मोजे, ३ डझन ठिपक्यांचे सदरे आणि विजारी, १२ टोप्या, सुतारकामाची हत्यारं, ५ पिंप रम, मदिरा वाइन, भोकं पडलेल्या दोन जुन्या दारूच्या भट्ट्या, धार लावायचे दोन दगड, करवती, तोफेच्या दारूची ३ पिंपं, धर्मशिक्षणाची आणि मुळाक्षरांची पुस्तकं, २ बायबल, बागेचं बियाणं आणि ३ डझन कुदळी. बदल्यात बाल्ड्रिजने पाठवलं: ११०० चांदीची नाणी, ३४ गुलाम, १५ गुरं आणि लोखंडाच्या ५७ कांबी. न्यूयॉर्कला दोन शिलिंग गॅलनने मिळणारी रम तिकडे तीन पौंडांपर्यंत विकली जाते, अशी तक्रार नंतरच्या गव्हर्नरने लंडनला लिहून कळवली होती. आपला मुख्य नफा गुलामांतूनच येतो आणि बाकीचा व्यापार बरोबर चालतो तेवढाच, असं फिलिप्सने बाल्ड्रिजला स्वतःच्या पत्रात कळवलं आहे. हे पत्र आणि ही यादी वाचून मग चर्चची घंटा बघा.

या व्यापाराचं दुसरं टोक आपल्या किनाऱ्याला लागतं. सुरतेहून मक्केला जाणारी यात्रेकरूंची जहाजं लुटली गेली की मुघल दरबार इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारींना धारेवर धरायचा, आणि त्या लुटारूंना रम, दारूगोळा आणि परतीचं तिकीट न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांकडून मिळत होतं. ईस्ट इंडिया कंपनीने लंडनमध्ये ओरड केली. १६९८ मध्ये फिलिप्सला सल्लागार मंडळातून बाहेर पडावं लागलं. पुढच्या वर्षी सॅम्युअल बर्जेसच्या हाताखालचं त्याचं मार्गारेट हे जहाज मादागास्करहून परतताना केप ऑफ गुड होपला थांबलं होतं. त्यावर गुलाम होते, पैसा होता आणि घरी निघालेले चाचे होते. कंपनीच्या लॉयल मर्चंट जहाजाने ते तिथेच पकडलं आणि मुंबईला नेलं. पहिल्या बायकोच्या नावाचं हे जहाज फिलिप्सच्या हाती परत आलं नाही. १७०२ मध्ये तो वारला. मुंबईकराने हडसनकाठच्या या चर्चमध्ये उभं राहून आठवावी अशी ही एक गोष्ट आहे, आणि कुठल्याही फलकावर ती शोधू नका. ती आपणच बरोबर घेऊन जायची.

दिवसाचा क्रम असा लावा. सकाळी लवकर टॅरीटाउन, आधी गिरणी, मग घर आणि कोठार, दुपारी चर्च, परतीच्या गाडीने याँकर्सला उतरून मॅनर हॉल. डबा बरोबर घ्या. पायात सपाट तळाचे बूट हवेत, वाट खडीची आणि उताराची आहे. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना पूल आणि बाहेरचा परिसर आरामात बघता येईल, पण आतल्या पायऱ्यांबद्दल आधी विचारून घ्या. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी गिरणी आणि गुरं पुरेशी आहेत. त्याहून मोठ्यांना ती २३ जणांची यादी दाखवा.

आणि दुकानात तिथल्या दगडावर दळलेलं मक्याचं पीठ मिळालं तर एक पिशवी घ्या. ते सुपरमार्केटच्या पिठासारखं नसतं. कारखान्यातल्या पिठातून मक्याचा अंकुर बहुधा काढून टाकलेला असतो, कारण त्यातल्या तेलामुळे पीठ खवट होतं. दगडी दळणात अंकुर पिठातच राहतो, म्हणून चव भरीव आणि टिकाऊपणा कमी. घरी आल्याबरोबर हवाबंद डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा, महिन्याहून जास्त ठेवायचं तर फ्रीझरमध्ये. दळण रवाळ असल्याने थेट भाकरी थापली तर कडा तडकतात. एक वाटी पिठाला साधारण एक वाटी उकळतं पाणी आणि मीठ घालून झाकून ठेवा, दहा-पंधरा मिनिटांनी हाताला सोसेल इतकं गरम असताना भरपूर मळा, आणि लहान, जराशी जाड भाकरी थापा. पाणी लावलेली बाजू सुकल्यावरच उलटा. तरीही तुटत असेल तर पीठ चाळणीतून चाळून वरची कणी बाजूला काढा. ती कणी ताकात शिजवून कण्या करायला उत्तम.